पट्टा हाडावर बसला पाहिजे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. जमीन हलली, पण भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक भिंत आपापल्या दिशेला कोसळली. पुढे पुनर्वसनाची घरं बांधताना जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली आडवे पट्टे घालण्याचा आग्रह धरला गेला, तो सगळं घर एकसंध हलावं म्हणून. लातूर-नांदेडच्या गवंड्यांना आणि इंजिनिअरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मोटारीतल्या लेकराच्या सुरक्षेमागचं विज्ञानही हेच आहे. गाडी आदळते तेव्हा तिचं नाक चेपत जातं आणि त्या चेपण्यातच वेगाची ऊर्जा जिरते. जो गाडीला बांधलेला आहे, त्याला थांबण्यासाठी ते सगळं अंतर मिळतं. जो बांधलेला नाही, तो गाडी थांबल्यावरही जुन्याच वेगाने पुढे जातो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर काही सेंटिमीटरांत थांबतो.

याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी साधारण ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर आतल्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सरासरी सोळा पट बल येतं. १० किलोच्या बाळाला त्या क्षणी धरून ठेवायचं, तर दीड क्विंटलहून जास्त ओझं पेलण्याची ताकद हातांत हवी, आणि तीही सेकंदाच्या दहाव्या भागात, आधी काहीही न कळता. आडत बाजारातल्या कसलेल्या हमालालाही दीड क्विंटल सोयाबीन असं झेलता येणार नाही. मायेने धरलेलं लेकरू सुटणार नाही, या समजुतीत प्रेम खरं आहे, पण मांडी ही बसण्याची सुरक्षित जागा नाही. माय स्वतः पट्टा न लावता बसली असेल, तर तिचंही वजन लेकरावरच येतं. एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळला तरी परिणाम तोच: मधलं लेकरू चिरडतं.

मग लेकराला सीटवर वेगळं बसवून गाडीचाच पट्टा लावला तर? इथे खरी मेख आहे. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने बेतलेला असतो. तो शरीराला धरतो ते हाडांच्या आधाराने: खालचा भाग कंबरेच्या हाडावर, वरचा खांद्याच्या आणि छातीच्या हाडांवर. कंबरेच्या हाडाची पुढची टोकं, ज्यांच्यात पट्टा अडकून राहतो, ती साधारण दहाव्या वर्षापर्यंत पुरेशी ठळक झालेली नसतात. त्यातच लेकराची मांडी आखूड. गुडघे सीटच्या काठावर दुमडावेत म्हणून ते पुढे सरकतं, पाठ घसरते आणि खालचा पट्टा हाडावरून सुटून पोटावर चढतो. वरचा गळ्याला घासतो, म्हणून लेकरू तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतं. अशा अवस्थेत धडक बसली की पट्टा मऊ पोटात रुततो, आतडी फाटू शकतात आणि कमरेचा मणका पुढे दुमडून मोडू शकतो. डॉक्टरांच्या भाषेत या जखमांच्या समूहाला ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ असंच नाव आहे. बूस्टर सीट यावर अगदी साधा उपाय करते. ती लेकराला स्वतः धरून ठेवत नाही, फक्त काही इंच उंच करते आणि पट्ट्याला बाजूच्या खाचांतून खाली, मांडीच्या मुळाशी आणते. धरण्याचं काम गाडीचाच पट्टा करतो, पण आता हाडावर. बाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि मान कोवळी, म्हणून त्यांना मागे तोंड करून बसवणारी सीट लागते. बूस्टर पुढच्या टप्प्याची, साधारण चार वर्षांनंतरची.

इतक्या साध्या वस्तूने खरंच फरक पडतो का? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००३ साली आलेल्या अभ्यासात ४ ते ७ वयाच्या अपघातग्रस्त मुलांची तुलना केली होती. नुसत्या पट्ट्यापेक्षा बूस्टरमध्ये जखमी होण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी आढळली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद: बूस्टरमधल्या मुलांत पोटाची किंवा मणक्याची एकही दुखापत सापडली नाही. २००९ च्या पुढच्या अभ्यासात हा फायदा ४५ टक्क्यांवर आला, तरी तो मोठाच आहे. आकडे अमेरिकेचे आहेत, हा आक्षेप रास्त. पण कंबरेचं हाड तिथेही तसंच वाढतं, आणि आपली मुलं त्या वयात बहुधा थोडी बुटकी असल्याने बूस्टरची गरज इथे जास्त वर्षं राहते.

‘लेकरू मागे बसलंय, मग काय होतं?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. मागची सीट लेकरासाठी योग्यच आहे, पण पट्ट्याशिवाय ती कुणाचंच रक्षण करत नाही. रेणापूरने वर्षानुवर्षं विधानसभेत पाठवलेले गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत शहरातल्याच रस्त्यावर गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीतले मागचे दोघे पट्ट्याविना होते, ते दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. ‘आम्ही कुठे वेगाने जातो?’ हे उत्तरही आता टिकत नाही. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. चाळीसचा ऐंशी झाला, तर तुळजापूरच्या दर्शनाला निघालेल्या त्याच लेकरावरचं संकट चौपट झालं.

उशी किंवा गोधडीची घडी बूस्टरचं काम करत नाही. धडकेत ती दबते आणि सरकते, पट्टा पुन्हा पोटावर येतो. शिवाय पट्टा खाली धरणाऱ्या खाचा तिला नसतात. खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण पाठ नसलेला साधा बूस्टर बाळाच्या पूर्ण सीटपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि तो भावंडांना पुरतो. लेकरू प्रवासात झोपत असेल तर पाठ असलेला घ्यावा, म्हणजे मान एका बाजूला कलली तरी शरीर पट्ट्याबाहेर जात नाही. काळीपिवळीत कोंबलेल्या आणि दुचाकीवर आईबापांच्या मध्ये बसलेल्या मुलांना बूस्टरचा काहीच उपयोग नाही, हे मान्यच करायला हवं. दुचाकीवरच्या ४ वर्षांखालील मुलांसाठी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. पण ज्या घराने काही लाखांची मोटार घेतली आहे, तिथे अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना गाडीत असेल, तर चालकाला १,००० रुपये दंड आहे. सप्टेंबर २०१९ पासून तो लागू आहे. मात्र बूस्टर कधी सोडायचा हे वाढदिवसावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. सुमारे १४५ सेंटिमीटर हा बऱ्याच ठिकाणी मानलेला मापदंड. घरच्या घरी पाहायचं तर लेकराला गाडीच्या सीटवर पाठ टेकवून बसवा. गुडघे काठावर सहज दुमडतात का, खालचा पट्टा मांडीच्या मुळाशी आणि वरचा खांद्याच्या मधोमध राहतो का, आणि संपूर्ण प्रवासभर तसाच राहतो का, ते बघा. यातलं एक जरी जमत नसेल तर बूस्टर अजून लागतो. तो तीन टोकांचा पट्टा असलेल्या सीटवरच ठेवायचा. अनेक जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला फक्त कंबरेचा पट्टा असतो, त्यामुळे लेकराची जागा खिडकीशी.