रामशास्त्री प्रभुणे : पूर्ववय आणि न्यायासन

पेशवाईंतील न्यायाची गोष्ट निघाली कीं रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव प्रथम ओठावर येतें. शालेय पुस्तकें, नाटकें आणि 1944 सालीं निघालेला प्रभात कंपनीचा चित्रपट यांनीं हें नांव घरोघर पोंचविलें. परंतु लोकांच्या स्मरणांत राहिलें तें मुख्यतः एक वाक्य, देहांत प्रायश्चित्ताचें. ज्या न्यायाधीशापाशीं एक शिपाईही स्वतःचा नव्हता, त्यानें गादीवर बसलेल्या धन्यास तें कोणत्या बळावर सुनावलें, हा प्रश्न मागेंच राहतो. त्याचें उत्तर शोधतांना शास्त्रीबोवांच्या पूर्ववयाकडे पाहावें लागतें.

कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली हें त्यांचें गांव. बाळपणींच वडील वारले. घरीं विद्येचें साधन नव्हतें, आणि पुढें साताऱ्यास अनगळ सावकारांच्या घरीं चाकरी पत्करावी लागली, असें परंपरा सांगते. धन्याच्या हातापायांवर पाणी घालतां घालतां त्याच्या अंगावरील रत्नांकडे या पोराची दृष्टि खिळली. धनी टोचून बोलला. बोल जिव्हारीं लागला आणि पोरानें काशीची वाट धरली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे.

आख्यायिकेस पुराव्याचें मोल देतां येत नाहीं. ग्रँट डफ हा 1818 नंतर साताऱ्यासच अधिकारावर होता आणि माहुली तेथून अगदीं जवळ. शास्त्रीबोवांना पाहिलेलीं माणसें त्या वेळीं हयात असणारच. असें असूनही 1826 च्या आपल्या इतिहासांत ते माहुलीचे होते व तरुणपणींच काशीस जाऊन तेथें पुष्कळ वर्षें शिकले, इतकेंच तो सांगतो. रत्नांचा संवाद तेथें नाहीं. तो संवाद मागाहून कोणी रसिकानें रंगविला असावा, असें आमचें मत आहे. मात्र दारिद्र्य व उशिरा झालेला विद्यारंभ या दोन गोष्टी टाकून देण्यास कारण दिसत नाहीं. परंपरेप्रमाणें काशीस जातांना त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. रूपावली आणि अमरकोश हे आठ-दहा वर्षांच्या मुलांनीं घोकावयाचे ग्रंथ. मिसरूड फुटलेल्या माणसानें त्या मुलांच्या पंक्तीस बसून तेथपासून आरंभ करावयाचा, ही गोष्ट रत्नांच्या कथेहून आम्हांस अधिक विलक्षण वाटते.

1751 सालीं ते पेशव्यांच्या पदरीं शास्त्री म्हणून राहिले आणि 1759 मध्यें न्यायाधीशपद त्यांजकडे आलें. या पदाचें स्वरूप आजच्या न्यायालयावरून ओळखूं जाऊं नये. वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करूं अशी कबुली व जामीन आधीं लिहून घेत; कागद व साक्षी पंचांपुढें तपासले जात; जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. निवाड्याची अंमलबजावणी मात्र सर्वस्वी सरकारच्या हातीं. म्हणजे दोन वतनदारांच्या भांडणांत न्यायाधीशामागें सारी दौलत उभी. पण आरोपी स्वतः सरकारच असेल तर त्याच्या हातीं उरे काय? पद सोडून चालतें होणें, एवढेंच.

हें साधन शास्त्रीबोवांनीं दोनदां वापरल्याचें डफ लिहितो. पहिला प्रसंग थोरल्या माधवरावांचा. तरुण पेशवे जपध्यानांत इतके गुंतले कीं राज्यकारभार खोळंबूं लागला. शास्त्रीबोवा दुसऱ्या दिवशीं काशीस जाण्याचा निरोप मागावयास उभे राहिले. ब्राह्मणानें राज्य पत्करलें तर प्रजेचा सांभाळ हाच त्याचा धर्म. तो नको असेल तर गादी सोडावी व मजबरोबर गंगातीरीं चलावें, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माधवरावांनीं चूक मान्य केली व तो क्रम सोडला. येथें ऐकणारा धनीही तसाच मोठा होता, हें विसरूं नये.

दुसऱ्या वेळीं धनी तसा नव्हता. 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांस मारलें आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. शास्त्रीबोवांनीं सुमारें सहा आठवडे चौकशी केली. रघुनाथरावांनीं नारायणरावास धरण्याचा हुकूम दिल्याचें कबूल केलें. मूळ कागद पाहतां त्यांत 'धरावें' याचें 'मारावें' झालेलें आढळलें. हा फेरफार आनंदीबाईंनीं केला असा सार्वत्रिक समज डफनें नमूद केला आहे. समज म्हणजे निर्णय नव्हे. 'ध'चा 'मा' ही म्हण त्या बाईंच्या माथीं कायमची बसली, तिला आधार म्हणावा तर हा एवढाच. प्रायश्चित्त काय, असें रघुनाथरावांनीं विचारतां, प्राण देणें हेंच, असें उत्तर मिळालें. तें अंमलांत येणार नाहीं हें बोलणाऱ्यास पुरतें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं आपल्या हातचें होतें तें केलें. रघुनाथराव कारभारावर आहेत तोंवर पुण्यांत पाऊल टाकणार नाहीं असें सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

पद सोडण्याचा धाक घालणें सोपें. तो खरा करणें ज्याचा प्रपंच पदावर चालतो त्यास जड जातें. वतनें, इनामें, मुलांच्या नेमणुका यांत पाय गुंतलेल्या मुत्सद्द्यांनीं त्या वर्षीं काय केलें तें पाहावें. त्यांतील कित्येक पुढें बारभाईंत सामील झाले, पण 1773 च्या पावसाळ्याअखेर उघड बोललेला आवाज हा एकच. ज्यानें ऐन उमेदीचीं वर्षें दुसऱ्याच्या दारीं पाणी भरण्यांत घालविलीं, त्यास खेड्यांतील उपासाचें भय कितीसें असणार?

रघुनाथरावांचा अंमल उठल्यावर कारभाऱ्यांनीं त्यांस परत आणिलें, आणि 1789 सालीं मृत्यु येईपर्यंत नाना फडणिसांसारखा करडा कारभारीही त्यांचा शब्द मानीत असे. त्यांच्या राहणीविषयीं डफनें एक बारीकशी गोष्ट टिपून ठेविली आहे : एका दिवसाच्या निर्वाहास लागेल त्याहून अधिक कांहीं घरांत ठेवावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता.