हिवाळ्यांतील कोरडें घर

शिकागो अथवा टोरांटो येथें लेकीसुनांकडे हिवाळा काढून आलेल्या वडीलधाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: घर ऊबदार, पण ओठ फुटतात, घसा सुकतो, तंबोऱ्याचा भोपळासुद्धां तडकतो! शून्य अंश सेंटिग्रेडच्या हवेंत दर घनमीटरास फार तर ५ ग्रॅम बाष्प मावतें. तीच हवा २१ अंशांपर्यंत तापविली कीं तिची धारणाशक्ति १८ ग्रॅमांवर जाते. बाष्प मात्र वाढत नाहीं.

म्हणून घरभर ऊब नेणाऱ्या पत्र्याच्या हवानलिकेंत वाफ सोडतात. विजेनें पाणी उकळून ती वाफ छिद्रें पाडलेल्या नळींतून पसरवितात. क्षार भांड्यांत उरतात, ते वरचेवर खरवडावे लागतात. खरी मेख जागेची. वाफ विरेपर्यंत पुढें कांहीं फूट सरळ नलिका हवी. वळण किंवा गाळणी जवळ असली तर तेथें पाणी साचून बुरशी धरते, आणि तीच हवा बाळाच्या पाळण्यापर्यंत पोंचते. पंखा थांबतांच वाफ बंद करणारी कळ याचसाठीं अवश्य बसवावी. तेथें काटकसर नको. बाहेर पारा उणे २० अंशांस उतरला तर घरांतील आर्द्रता ३० टक्क्यांहून कमीच ठेवावी, नाहींतर खिडक्यांच्या कांचांवरून पाणी ओघळूं लागतें.