दाण्याच्या आमटीचं गणगोत

आषाढी एकादशीला आमच्याकडे हमखास एक वाक्य ऐकू येतं: "आज काय, नुसती भगर आणि दाण्याची आमटी!" त्यातला 'नुसती' मला दरवेळी टोचतो. ज्या पदार्थाचे सगेसोयरे बोलिव्हियापासून घाना-सेनेगलपर्यंत पसरलेत आणि तिथे पाहुण्याला मानाने वाढले जातात, त्याला आपण उपवासापुरतं ताटात घेतो आणि द्वादशीला विसरून जातो. या आमटीबद्दल, आणि एकूणच शेंगदाण्याच्या रश्श्यांबद्दल, जे समज आपल्याकडे घट्ट बसलेत ते जरा उसवून पाहू.

पहिला समज तिच्या वयाबद्दल आहे. उपवासाला चालते म्हणजे ती पुरातन असणार, असं आपण धरूनच चालतो. पण भुईमुगाचं माहेर दक्षिण अमेरिका, आजच्या दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाचा टापू. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो सोळाव्या शतकात पश्चिम आफ्रिकेला पोचला, आणि आपल्याकडेही आला तो युरोपीय जहाजं समुद्र पालथे घालू लागल्यानंतरच. उपवासाचं ताट डोळ्यांसमोर आणा: शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळं, राजगिरा आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळे मूळचे अमेरिकेचे. वरई, कोकम, गूळ आणि तूप तेवढं इथलं जुनं. यात उपवासाच्या श्रद्धेला उणेपणा येतो असं मला मुळीच वाटत नाही. उलट परक्या दाण्याला आपल्या बायकांनी कोकम-गुळाच्या पंक्तीला बसवलं आणि तो घरचाच होऊन गेला, याचं मला फार अप्रूप आहे.

दाणे म्हणजे सुकामेवा, हाही असाच एक समज. बंगालीत त्याला चिनाबदाम म्हणतात आणि आपल्याकडे 'गरिबाचे बदाम'. खरं उत्तर आपल्या भाषेने कधीच देऊन ठेवलंय: भुईमूग, भुईतला मूग. तूर, मूग, हरभरा यांच्याच कुळातलं हे शेंगवर्गीय पीक. पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, मग त्याच्या बुडातून आरी सुटते, ती वाकून मातीत शिरते आणि शेंग तिथे अंधारात भरते. पीक चाळीसेक दिवसांचं झालं की शेतकरी त्यावरून रिकामं पिंप फिरवतात. आऱ्या मातीत नीट रुताव्यात म्हणून. डाळीच्या घरचा दाणा म्हटल्यावर त्याची आमटी होणं अगदी स्वाभाविकच.

आता स्वयंपाकाकडे. "दाणे भाजल्याशिवाय आमटी होतच नाही" असं ठासून सांगितलं जातं. बोलिव्हियातल्या कोचाबांबाकडे 'सोपा दे मानी' नावाचं शेंगदाण्याचं सूप घरोघरी होतं, तेही कच्च्या दाण्यांचं. दाणे भिजवायचे, सालं काढायची, पाण्याबरोबर गंधासारखे वाटायचे आणि मांसाच्या रश्श्यात बटाट्यासोबत निवांत शिजू द्यायचे. सूप दुधाळ पांढरं होतं, वर तळलेल्या बटाट्याच्या सळ्या येतात. मात्र कच्च्या दाण्याला वेळ द्यावा लागतो. अर्धाकच्चा राहिला तर ओल्या शेंगेसारखा हिरवट वास मागे उरतो. भाजल्याने खमंगपणा येतो आणि शिजण्याचा वेळ वाचतो. दोन वेगळ्या चवी आहेत, हवी ती निवडावी. भाजायचे असतील तर मात्र मंद आचेवर, सालावर काळे ठिपके पडू न देता. एक मूठ करपली की सगळी आमटी कडू होते आणि कितीही गूळ घाला, तो कडूपणा जात नाही.

मी करते ती अशी. चौघांसाठी वाटीभर, म्हणजे साधारण 100 ग्रॅम, भाजून सोललेले दाणे, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा चमचा जिरं थोड्या पाण्यात वाटायचं, बोटांना रवाळ लागेनासं होईपर्यंत. कोरडं कूट पाण्यात ढवळून केलेली आमटी लवकर होते खरी, पण तिचं पाणी वेगळं आणि चोथा वेगळा राहतो. आमटी 'फाटली' म्हणून दोष दाण्यांना दिला जातो, चुकलेलं असतं वाटण. तुपात जिऱ्याची फोडणी, त्यात वाटण, मग तीन वाट्या गरम पाणी, मीठ, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ. पहिली उकळी येताना तिथून हलायचं नाही. ही आमटी दुधासारखी फसफसून उतू जाते आणि बुडालाही तितक्याच पटकन लागते. उकळी आली की आच अगदी बारीक करून दहा मिनिटं, मधूनमधून तळापासून ढवळत.

या दहा मिनिटांत वर तेलाचे बारीक तवंग दिसू लागतात आणि इथेच पुढचा समज उभा राहतो: तेल सुटलं म्हणजे बिघडलं. पश्चिम आफ्रिकेत नेमकी याच क्षणाची वाट पाहतात. मालीच्या बांबारा भाषेत तिथल्या शेंगदाण्याच्या रश्श्याला 'तिगादेगेना' म्हणतात. तिगा म्हणजे शेंगदाणा, देगे म्हणजे त्याचा लगदा, ना म्हणजे कालवण. शेजारच्या सेनेगलमध्ये त्याचं नाव 'माफे'. कांदा, लसूण, टोमॅटो परतायचे, मटण किंवा कोंबडी घालायची, शेंगदाण्याचा लगदा गरम रश्श्यात सैल करून ओतायचा, गाजर, कोबी, रताळं असं काहीबाही टाकायचं, एक जहाल मिरची अख्खीच सोडायची आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. वर लालसर तेल तरंगलं की माफे झालं. आपण मटणाच्या रश्श्याची तर्री पाहून जे ओळखतो, तेच हे. दाण्यात निम्मं तेलच असतं. दाणा पुरता शिजला की ते मोकळं होतं. घानामध्ये हाच पदार्थ पातळ करतात, 'एन्काते एन्क्वान' म्हणजे शब्दशः शेंगदाण्याचं सूप, आणि त्यात फुफूचा, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा, किंवा मऊ भाताचा गोळा ठेवून वाढतात. भगरीची मूद आणि भोवती आमटी यापेक्षा ते चित्र फार वेगळं नाही.

परदेशी राहणारी आपली मंडळी आमटी किंवा माफे करताना बाजारातल्या पीनट बटरवर भिस्त ठेवतात. चालतं, पण डब्यावरची घटकांची यादी वाचूनच. बऱ्याच डब्यांत साखर असते आणि तेल वर येऊ नये म्हणून घट्ट केलेलं तेलही घातलेलं असतं. कालवणाला नुसते दाणे, फार तर मीठ असलेलाच डबा हवा. जाता जाता, पीनट बटरचा शोध अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला हेही खरं नाही. कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांना शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट 1884 मध्येच मिळालं होतं. कार्व्हर यांचं मोठेपण वेगळंच आहे: कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागणं, आणि पिकलेला दाणा घरात खाल्ला जावा म्हणून 1916 मध्ये त्याच्या 105 कृतींची पुस्तिका काढणं. त्या कृतींत सूपही आहे.

"दाण्याने पित्त होतं, कोलेस्टेरॉल वाढतं." यातला दुसरा भाग सरळ चूक. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं, दाण्यात ते शून्य. त्यातलं तेलही बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला मानवणारं. पित्ताचं म्हणाल तर दिवसभर रिकामं पोट, चार कप चहा, मग तळलेले साबुदाणा वडे आणि वर तिखट आमटी, एवढं सगळं झाल्यावर छातीत जळजळलं तर आळ एकट्या दाण्यावर घेणं बरं नव्हे. स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतो हे खरं, म्हणून मिरची बेताची असावी. चौघांच्या त्या आमटीतल्या दाण्यांतून प्रत्येकाला सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 140 कॅलरी मिळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवासाच्या ताटात प्रथिनांचा भार दाणाच वाहतो.

एका समजाबाबत मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण त्याने इजा होते. "उकळलं की सगळं मरतं," असं म्हणून कुबट, काळवंडलेले दाणेही वाटणात ढकलले जातात. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर बुरशी चढते आणि त्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. यकृताला ते घातक आहे, कर्करोगकारकही आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीवरून हे विष उजेडात आलं. बुरशी उष्णतेने मरते, विष मात्र घरच्या भाजण्या-उकळण्याला दाद देत नाही. म्हणून दाणे परातीत पसरून उजेडात निवडावेत. सुरकुतलेला, रंग बदललेला, बुरशीची पूड धरलेला दाणा काढून टाकावा, आणि चावल्यावर कडू लागला तर गिळू नये, थुंकून टाकावा. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनाही शिजवल्याने अभय मिळत नाही, भाजल्याने तर काहींचा त्रास वाढतोच. पंक्तीत आमटी वाढण्याआधी नव्या पाहुण्याला तेवढं विचारून घ्यावं.

आणि उपवासापुरतीच का? सोलापूरकडे दाण्याच्या कुटात लसूण आणि लाल तिखट घालून 'म्हाद्या' करतात, ज्वारीच्या भाकरीशी, कुठल्याही वारी. एकादशीची आमटी उरली तर सकाळी ती चमचा उभा राहील इतकी दाटलेली असते, कारण वाटलेला दाणा रात्रभर पाणी ओढतो. तिच्यात गार पाणी घालू नका. वाटीभर गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा, चार लसूण पाकळ्या तुपात लाल करून वरून ओता, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात घ्या.