कुत्र्यांसह मैदानयात्रा

आपल्याकडे यात्रेस निघणारें कुटुंब प्रथम पंचांग पाहतें. अमेरिकेंत उन्हाळ्याच्या सुट्टींत मोटारीनें लांबच्या प्रवासास निघणारें एखादें दांपत्य प्रथम पाहतें तें बेसबॉलच्या सामन्यांचें वेळापत्रक. कोणत्या शहरीं कोणत्या दिवशीं सामना आहे हें पाहून त्यांचे मुक्काम ठरतात आणि दोन मुक्कामांच्या मधल्या वाटेवर जें जें प्रेक्षणीय असेल तें तें सहजच पदरांत पडतें. पहिल्या दर्जाचे व्यावसायिक संघ ३० आहेत. त्यांपैकीं २९ संयुक्त संस्थानांतले व एक कॅनडांतील टोरांटोचा. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो व त्यांतले निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर खेळतो. त्यामुळें उन्हाळ्यांत देशांत कोठेंच सामना नाहीं, असा दिवस विरळाच. एकेक उन्हाळा करीत सारीं मैदानें पाहून पुरीं करावयाचीं, असा कित्येकांचा नेम असतो. आपल्याकडे अष्टविनायकांचा असतो तसाच.

ह्या यात्रेंत घरचे कुत्रे बरोबर असले म्हणजे मात्र तिचें स्वरूप पालटतें. वाट, वेळ, मुक्काम, फार काय, सामना पाहावयाचा कीं नाहीं हेंहि मग त्या मुक्या सोबत्यांकडे पाहून ठरवावें लागतें.

मोटार आणि कुत्रा यांची सोबत त्या देशांत जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. १९०३ सालीं हॉरेशिओ नेल्सन जॅक्सन नांवाच्या व्हरमाँट संस्थानांतील डॉक्टरानें सॅनफ्रान्सिस्कोच्या एका क्लबांत ५० डॉलरांची पैज मारली कीं, आपण मोटारीनें न्यूयॉर्क गांठूं. २३ मे रोजीं तो निघाला. बरोबर स्यूअल क्रॉकर हा यंत्रज्ञ होता; पत्नी आगगाडीनें घरीं परतली. वाटेंत आयडाहो संस्थानांत त्यांनीं बड नांवाचा एक कुत्रा घेतला. मोटार उघडी, रस्ते मातीचे. धुरळ्यानें कुत्र्याचे डोळे चुरचुरूं लागले, तेव्हां माणसांप्रमाणें त्यालाहि चष्मा बांधण्यांत आला. ६३ दिवसांनीं, २६ जुलै रोजीं, तिघेहि न्यूयॉर्कांत दाखल झाले. मोटारीनें अमेरिका खंड ओलांडण्याचा हा पहिला यशस्वी प्रवास. ती विंटन मोटार आणि बडचा तो चष्मा वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेनें आजवर जपून ठेविला आहे. पुढें १९६० सालीं कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यानें चार्ली नांवाचा आपला पूडल कुत्रा बरोबर घेऊन देशाला फेरी घातली. त्या प्रवासाचें त्याचें पुस्तक १९६२ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु नुसतें मैदान पाहावयाला इतक्या लांब कां जावें, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. क्रिकेटची खेळपट्टी सर्वत्र २२ यार्डांची, पण सीमारेषा मात्र मैदानागणिक निराळी, हें आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बेसबॉलचेंहि तसेंच, किंबहुना त्याहून अधिक. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचें अंतर ९० फूट आणि चेंडू फेकणाऱ्यापासून फलंदाजापर्यंतचें अंतर ६० फूट ६ इंच. हीं दोन अंतरें कोठेंहि बदलत नाहींत. बाहेरच्या भिंतीचा आकार, उंची आणि अंतर मात्र प्रत्येक मैदानाचें वेगळें. म्हणून एका शहरीं जो टोला भिंतीपलीकडे जाऊन होमरन ठरतो, तोच दुसऱ्या शहरीं भिंतीवर आपटून परत येतो.

बॉस्टनचें फेनवे पार्क १९१२ सालीं उघडलें. आज वापरांत असलेल्या मोठ्या मैदानांत तें सर्वांत जुनें. डाव्या बाजूस अगदीं लगत रस्ता असल्यामुळें तिकडे मैदान पसरावयास जागा नव्हती. म्हणून तेथील भिंतच ३७ फुटांहून उंच आहे. १९४७ सालीं तिला हिरवा रंग देण्यांत आला आणि लोक तिला ‘हिरवा राक्षस’ म्हणूं लागले. शिकागोच्या रिग्ले फील्डवर, जें १९१४ सालचें आहे, बाहेरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ सालीं वेल चढविण्यांत आला. चेंडू त्या वेलींत अडकला तर फलंदाजाला दोन बेस द्यावयाचे, असा तेथें नियमच आहे. ह्या मैदानावर १९८८ सालापर्यंत विजेचे दिवे नव्हते. तोंपर्यंत तेथील प्रत्येक सामना सूर्यप्रकाशांतच होत असे. डेन्व्हरचें कूर्स फील्ड १९९५ सालचें. तें शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंच. ती उंची दाखविण्यासाठीं वरच्या मजल्यावरील खुर्च्यांची एक रांग जांभळ्या रंगाची केली आहे. तेथील हवा विरळ, त्यामुळें चेंडूला विरोध कमी होतो व तो लांब जातो. शिवाय कोरड्या हवेनें चेंडू वाळून अधिक उसळतो. म्हणून २००२ सालापासून तेथें चेंडू दमट हवेच्या कपाटांत ठेवूं लागले.

आतां असें एक दांपत्य डोळ्यांपुढें आणावें कीं, जें बॉस्टनहून डेन्व्हरपर्यंत, सुमारें २,००० मैलांच्या वाटेनें, जुलै महिन्यांत निघालें आहे. दोघेंहि साठीच्या घरांतलीं. मुलें आपापल्या संसारांत. गाडींत मागच्या बाजूस दोन कुत्रे: एक तीन वर्षांचा, अवखळ, दुसरी बारा वर्षांची म्हातारी कुत्री, मागचे पाय धरलेली. पुढच्या उन्हाळ्यांत ती असेलच याची शाश्वती नाहीं. म्हणूनच तिला शेजाऱ्यांकडे ठेवून निघणें दोघांनाहि रुचलेलें नाहीं.

पहिले मुक्काम सुखाचे होतात. न्यूयॉर्क संस्थानांतील कूपर्सटाऊन ह्या दोन हजारांच्याहि आंतल्या वस्तीच्या गांवीं बेसबॉलचें मानमंदिर आहे. तें १९३९ सालीं उघडलें. १८३९ सालीं ॲबनर डबलडे यानें ह्याच गांवीं हा खेळ शोधून काढला, अशा समजुतीवर तें येथें उभारलें गेलें. ती समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरली नाहीं, पण मानमंदिर राहिलें. शिकागोच्या पश्चिमेस सुमारें २०० मैलांवर आयोवा संस्थानांत डायर्सव्हिल येथें मक्याच्या शेतांत एक लहानसें मैदान आहे. १९८९ सालच्या एका चित्रपटासाठीं तें तयार केलें आणि नंतर लोक तेथें येतच राहिले. २०२१ सालीं तर शेजारीं खास मैदान बांधून व्यावसायिक संघांचा सामनाहि खेळविण्यांत आला.

तेथून दक्षिणेकडे वळलें म्हणजे कॅन्सस सिटी लागते. येथें मैदानापेक्षांहि पाहण्यासारखें आहे तें निग्रो लीगचें संग्रहालय. कृष्णवर्णी खेळाडूंना त्या काळीं मोठ्या संघांत प्रवेश नव्हता. म्हणून १९२० सालीं रूब फॉस्टर यानें पुढाकार घेऊन ह्याच शहरीं त्यांच्या संघांची स्वतंत्र संघटना स्थापिली. जॅकी रॉबिन्सन १९४५ सालीं येथील मोनार्क्स संघांतून खेळला आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर उतरून त्यानें तो वर्णभेद मोडला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ सालापासून सर्वच संघांनीं राखून ठेविला आहे. ज्या मोकळ्या रस्त्याचें कौतुक अमेरिकन लोक करतात, तोहि सर्वांना सारखा मोकळा नव्हता. कृष्णवर्णी कुटुंबांना वाटेंत कोठें खोली मिळेल, कोठें जेवण मिळेल, हें सांगणारी एक मार्गदर्शिका न्यूयॉर्कचा टपालवाला व्हिक्टर ग्रीन यानें १९३६ सालीं काढली आणि तीस वर्षें ती निघत राहिली. संग्रहालयाच्या बाहेर आल्यावर आपला प्रवास किती सहज होत आहे, याची जाणीव त्या दांपत्यास झाल्यावांचून राहत नाहीं.

ह्याच कॅन्सस सिटींत त्यांच्यापुढें खरी अडचण उभी राहते. दुपारचा सामना आहे. तिकिटें काढून दोन महिने झाले. मैदानांत कुत्रे नेतां येत नाहींत. कांहीं संघ वर्षांतून ठराविक दिवशीं कुत्र्यांना त्यांच्या धन्यांसह प्रवेश देतात; शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाच्या अशा एका सामन्यास २०१६ सालीं १,१२२ कुत्रे हजर होते. परंतु आजचा दिवस तसा नव्हे. मग मनांत येतें: गाडी सांवलींत उभी करावी, कांचा बोटभर उघड्या ठेवाव्या, आणि तासाभरानें एकानें येऊन पाहून जावें. ह्यांत काय बिघडणार आहे?

ह्यांत प्राण जाण्याइतकें बिघडतें. उन्हाचा प्रकाश कांचेंतून आंत येतो, आसनें तापतात, आणि त्यांची उष्णता आंतल्या आंत कोंडून राहते. बाहेर ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें २७ अंश सेल्सिअस, इतकें सुखद हवामान असलें तरी बंद मोटारींत १० मिनिटांत ९९ अंश आणि अर्ध्या तासांत ११४ अंश फॅरनहाइट उष्णता होते. सेल्सिअसमध्यें ती सुमारें ३७ आणि ४६ भरेल. कांचा थोड्या उघड्या ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं, असें प्रयोगांनीं दाखविलें आहे. आणि सांवली तर सूर्याबरोबर सरकत असते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें, म्हणजे तोंडांतील ओलाव्याची वाफ करून रक्त निववणें, हाच त्याचा मुख्य उपाय. भोंवतालची हवाच तापलेली आणि दमट झाली, कीं तो उपाय थकतो. शरीराची उष्णता ४१ अंश सेल्सिअसपलीकडे गेली म्हणजे उष्माघात होतो. म्हातारे, लठ्ठ आणि चपट्या नाकाचे कुत्रे ह्याला लवकर बळी पडतात. डांबरी रस्त्याचेंहि तसेंच: तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवत नसेल, तर तेथें कुत्र्याचे पंजेहि भाजतील, असें समजावें.

राष्ट्रीय उद्यानांचे नियम कडक वाटतात तेहि अशाच कारणांनीं. तेथें कुत्र्याचा पट्टा सहा फुटांहून लांब असूं नये, असा नियम आहे. डेन्व्हरजवळच्या रॉकी मौंटन उद्यानांत तर पायवाटांवर कुत्रा नेण्यास मनाईच आहे. यलोस्टोन उद्यानांत १९८१ सालीं एक कुत्रा सुटून उकळत्या झऱ्यांत पडला आणि त्याला वांचविण्यासाठीं एका तरुणानें मागोमाग उडी घेतली. दोघेहि गेले. ही हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला पट्ट्याचा नियम जाचक वाटत नाहीं.

तेव्हां जाणत्या प्रवाशांनीं कांहीं मार्ग काढले आहेत. लांबचा पल्ला पहांटे गांठावयाचा आणि दुपार विसाव्याला ठेवावयाची. शक्य तेथें रात्रीचेच सामने निवडावयाचे. दर दोन तासांनीं थांबून कुत्र्यांना पाणी पाजावयाचें व पाय मोकळे करूं द्यावयाचे. लस टोचल्याचा दाखला जवळ बाळगावयाचा, कारण दिवसभर कुत्रे सांभाळणाऱ्या जागा तो पाहिल्याशिवाय त्यांना ठेवून घेत नाहींत. आणि सर्वांत जुना मार्ग म्हणजे पाळीपाळीनें जाणें: एकानें आंत बसून सामना पाहावयाचा, दुसऱ्यानें कुत्र्यांना घेऊन झाडाखालीं बसावयाचें. बाहेर बसणाऱ्याच्या मदतीस रेडिओ असतो. व्यावसायिक सामन्याचें पहिलें ध्वनिक्षेपण ५ ऑगस्ट १९२१ रोजीं पिट्सबर्गच्या केंद्रावरून झालें. तेव्हांपासून घरीं आणि वाटेवर असलेल्या लाखों लोकांनीं हा खेळ डोळ्यांऐवजीं कानांनींच पाहिला आहे.

त्या दिवशीं कॅन्सस सिटींत पहिली पाळी बाईंची असते. परंतु म्हातारी कुत्री सकाळपासून खात नाहीं, तिची धाप थांबत नाहीं. बाई प्रवेशद्वारापर्यंत जातात आणि परत फिरतात. दोघें मिळून तिला थंड खोलींत नेतात, तिचे पंजे आणि पोट गार पाण्यानें पुसतात, पशुवैद्याला बोलावणें धाडतात. संध्याकाळीं ती उठून पाणी पिते. तिकिटांचे पैसे वांया गेले असतात. सामना खिडकींतल्या रेडिओवर संपत आलेला असतो.

महाभारताच्या अखेरीस स्वर्गाच्या दाराशीं उभा राहून युधिष्ठिरानें, बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून आंत पाऊल टाकण्याचें नाकारलें. ती कथा त्या दांपत्यानें ऐकलेली नसेल. परंतु सोबतीस घेतलेल्या जिवाला दारांत सोडून आंत जावयाचें नसतें, हें समजावयास कोणतीहि पोथी लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे, ऊन चढण्यापूर्वीं, ते चौघे डेन्व्हरच्या ६०० मैलांच्या वाटेला लागतात. एक मैदान पाहावयाचें राहिलें. म्हातारी कुत्री मात्र मागच्या आसनावर शांत झोंपलेली असते.