तान्ह्या मुलांतील डेंग्यू : निदान व तीव्रतेचे मोजमाप

डेंग्यूची जी गमके प्रौढांत विश्वसनीय ठरतात, ती तान्ह्या मुलांस जशीच्या तशी लावता येत नाहीत. डोके दुखते, सांधे ठणकतात, हे सांगण्याची वाणी अर्भकास नसते. ज्वर, खोकला, अतिसार, क्वचित आकडी, एवढ्यावरून अन्य विषाणुज्वराचीच शंका प्रथम येते.

सन १९६० नंतरच्या दशकात बँकॉक येथे स्कॉट हालस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांस असे आढळले की, मोठ्या मुलांत रक्तस्रावी डेंग्यू बहुधा दुसऱ्या संसर्गात उद्भवतो. वर्षाच्या आतील बालकांस मात्र तो पहिल्याच संसर्गात होतो. याचे कारण मातेकडून वारेवाटे आलेल्या प्रतिपिंडांत शोधले जाते. आरंभी ती रक्षण करतात. पुढे त्यांचे प्रमाण घटल्यावर तीच विषाणूचा पेशींतील प्रवेश सुकर करीत असावीत, अशी ही उपपत्ती आहे. तिच्याविषयी मतभेद असले, तरी निदानापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे : अर्भकाच्या रक्तात आयजीजी सापडणे हा संसर्गाचा पुरावा नव्हे. आयजीएम वार ओलांडत नाही. परंतु ते सामान्यतः पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते. म्हणून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ प्रतिजन अथवा विषाणूचे आरएनए शोधणे श्रेयस्कर होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूचे तीन वर्ग केले : धोक्याच्या लक्षणांविना, धोक्याच्या लक्षणांसह, आणि तीव्र. सतत वांती, ग्लानी वा अस्वस्थता, श्लेष्मल त्वचेतून रक्तस्राव, यकृताची दोन सेंटिमीटरहून अधिक वाढ, ही लक्षणे अर्भकांतही पाहता येतात. पोटदुखी मात्र रडण्यावरून व दूध नाकारण्यावरूनच ताडावी लागते.

रक्तद्रव झिरपू लागल्याचे गमक म्हणजे हिमॅटोक्रिटमधील वाढ. अर्भकांत हा अंक मुळातच कमी असतो. समजा, तो ३२ टक्क्यांवरून ३९ वर गेला, तर ३९ हा अंक निरुपद्रवी भासेल. वस्तुतः ही वाढ मूळ अंकाच्या वीस टक्क्यांहून अधिक आहे. रक्तदाबही असाच फसवा असतो : तो बराच काळ टिकून एकाएकी कोसळतो. तत्पूर्वी हातपाय गार पडतात, नाडी जलद होते आणि नाडीदाब २० मिलिमीटर वा त्याहून कमी होतो.

हे सर्व बहुधा ज्वर उतरतेवेळी घडते. घरच्यांस दिलासा वाटतो, तोच काळ कसोटीचा असतो. म्हणून एकाच तपासणीवर विसंबू नये. बालकाची आजची स्थिती त्याच्याच कालच्या स्थितीशी ताडून पाहावी.