कॅन्सरचा इलाज सुरू होतो, त्याच दिवशी दुखण्याचाही इलाज मागा

आमच्या धारणीतील एका भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. खर्ऱ्याची सवय जुनी. निदान झाले तेव्हा आजार मानेतील गाठींपर्यंत पोचला होता. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. रात्र मात्र तो बसून काढायचा. मी विचारले, "डॉक्टरांना दुखणे सांगितले का?" तो म्हणाला, "नाई जी, सिस्टर. सांगितलं तर कीमो बंद करतीन, असं वाटे."

ही भीती अनेक घरांत आहे. दुसरीकडे, डॉक्टरांनी केसपेपरवर 'पॅलिएटिव्ह केअर' लिहिले की घरचे समजतात, आता हात टेकले. दोन्ही समज चुकीचे आहेत.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे परिहार सेवा. दुखणे, दम लागणे, मळमळ, जखमेचा वास, झोप न येणे, मनाची घालमेल यांवर उपचार करणे आणि घरच्यांना सेवा कशी करायची ते शिकवणे, हे तिचे काम. ती कीमो आणि शेकाच्या सोबतच चालते. अमेरिकेत बोस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या इलाजासोबत ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस बरे गेले, उदासी कमी राहिली आणि ते साधारण अडीच-तीन महिने जास्त जगले. प्रत्येक कॅन्सरमध्ये आयुष्य वाढेलच असे नाही. पण त्रास कमी करणे हा रुग्णाचा हक्क आहे.

धारणीकरांसाठी तर 'लवकर' हा शब्द फार मोलाचा. अमरावती इथून जवळजवळ दीडशे किलोमीटर, मध्ये मेळघाटचा घाट. मध्यरात्री दुखणे असह्य झाल्यावर गाडी शोधण्यापेक्षा औषध आधीच घरात हवे. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी लागते. ती साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही; मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच मिळते. 2014 साली कायदा बदलून तिची वाट सोपी केली आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत, दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनला व्यसन समजू नका. गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, दुखण्याची वाट पाहू नये. बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत मागावे. मनाने डोस वाढवू नये, एकदम बंदही करू नये. गोळ्या लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या.

पुढच्या फेरीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा:

1. इथे परिहार सेवेचा विभाग आहे का? आजच तिथे पाठवता का?
2. दुखणे वाढले तर घरी कोणते औषध, किती द्यायचे?
3. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवायला चिठ्ठी लिहून देता का?
4. अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

दुखणे किती आहे ते शून्य ते दहा अंकांत रोज वहीत लिहा. "लई दुखते" यापेक्षा "रात्री आठ, गोळीनंतर तीन" हे डॉक्टरांना लवकर कळते.

त्या भावाने पुढच्या फेरीत तोंड उघडले. कीमो बंद झाली नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि तो आडवा होऊन झोपू लागला. आजार गेला नव्हता, पण अंगणात नातवाशी बोलत बसायला त्याला दिवस मिळाले. हे दिवस आपल्या माणसाला मिळावेत म्हणून शेवटची वाट पाहू नका. पहिल्याच दिवशी विचारा.