एका चेंडूत दोन बाद : टॉमी जॉनचा विक्रम

डबल प्ले कसा होतो

बेसबॉलमध्ये तीन जण बाद झाले की संघाची पाळी संपते. पहिल्या बेसवर रनर आहे, बाद झालेले दोनपेक्षा कमी आहेत आणि बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला, तर त्या रनरला दुसऱ्या बेसकडे पळण्यावाचून गत्यंतर नसतं. शॉर्टस्टॉप चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर देतो, तिथून चेंडू तडक पहिल्या बेसवर जातो आणि रनर व बॅटर दोघेही बाद होतात. स्कोअरशीटवर याची नोंद 6-4-3 अशी होते. हे आकडे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे. पिचरचा आकडा 1, पण ज्याच्या चेंडूने हे घडलं तो या नोंदीत कुठेच नसतो!

सिंकरची करामत

असे सहाशेहून अधिक डबल प्ले डावखुऱ्या टॉमी जॉनच्या गोलंदाजीवर झाले. मेजर लीगमध्ये इतके कुणाच्याच नावावर नाहीत. तो 1963 ते 1989 या काळात 26 हंगाम खेळला. त्याच्याकडे धडकी भरवणारा वेग नव्हता. हत्यार होतं सिंकर. हा चेंडू बॅटरजवळ येता येता खाली बसतो, बॅट त्याच्या वरच्या अंगाला लागते आणि फटका जमिनीवरून घरंगळत जातो. सुमारे 4,710 इनिंगमध्ये जॉनचे स्ट्राइकआउट (म्हणजे बॅटरला चेंडू मारूच न देता बाद करणं) 2,245, म्हणजे दोन इनिंगमागे एकही पुरता नाही. बाकीचं काम तो क्षेत्ररक्षकांवर सोपवी.

विक्रमाची दुसरी बाजू

बेसवर रनर नसेल तर डबल प्ले कुठला? जॉनच्या चेंडूंवर इनिंगमागे सरासरी एकाहून जास्त हिट गेले. तेव्हा हा विक्रम थोडा त्याने बेसवर जाऊ दिलेल्यांचाही आहे. शिवाय डॉजर्स संघाकडे असताना गार्वी, लोप्स, रसेल आणि सेय अशी क्षेत्ररक्षकांची पक्की फळी त्याच्या मागे उभी असे. तरीही माझ्या मते यात सर्वांत मोठा वाटा त्याच्या टिकून राहण्याचा.

कोपर

जुलै 1974 मध्ये त्याच्या डाव्या कोपराचा लिगामेंट फाटला. तोवर या दुखापतीने पिचरची कारकीर्द संपत असे. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. 1975 चा हंगाम वाया गेला, पण 1976 मध्ये जॉन मैदानात परतला. त्याच्या एकूण 288 विजयांपैकी 164 या शस्त्रक्रियेनंतरचे. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्याची निवड झालेली नाही, आणि ती व्हायला हवी होती.